बारा चौकटींचा कागद

मित्रांनो, आधी त्या मुलीचा फायदा मांडतो, मग माझी ओळख सांगतो.

गप्प बसल्यामुळे तिला मिळणार होतं ते असं. सोळा आठवड्यांचा सकाळी साडेसातचा वर्ग टळणार होता. आठवड्याला दोन, म्हणजे बत्तीस वेळा पहाटे उठणं टळणार होतं. त्या वर्गाची परीक्षा टळणार होती. त्या बत्तीस सकाळी ती वडिलांच्या शिवणाच्या दुकानात बसून काजं-बटणं करणार होती आणि उरलेल्या वेळात शेवटचा प्रबंध लिहिणार होती. आणि या सगळ्याच्या बदल्यात तिने द्यायचं काय होतं? काहीच नाही. एका कागदाबद्दल तोंड उघडायचं नव्हतं, एवढंच. इतका सोपा सौदा तुमच्यापैकी किती जणांनी मोडला असता, ते मनात उत्तर द्या. मोठ्याने नको.

त्या कागदावर जो ठसा उमटला होता, तो माझा.

मी एक जुना शिक्का आहे. मूठ शिसवी, अंग रबराचं. अंगावर दोनच शब्द, तेही उलटे: 'अट पूर्ण'. कागदावर बसलो की ते सुलटे होतात. त्या दोन शब्दांवरून आज ब्लेडची एक आडवी चीर गेलेली आहे. ती कशी आली ते शेवटी येईलच.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. शिक्केवाल्याचं दुकान इतकं लहान होतं की गिऱ्हाईक आत आलं तर शिक्केवाल्याला बाहेर उभं राहावं लागे. त्याने अक्षरं जुळवली, साचा केला, रबर तापवून दाबलं आणि मला लाकडावर चिकटवलं. त्याच दिवशी त्याच रबरातून माझा भाऊही निघाला. त्याच्या अंगावर एकच शब्द होता, 'नामंजूर'. शब्द एकच, पण काय तो तोरा. आम्ही दोघं एकाच पुडक्यातून विद्यापीठात गेलो आणि जागतिक अभ्यास विभागाच्या कार्यालयात एकाच लाकडी खोबणीत शेजारी शेजारी उभे राहिलो.

मित्रांनो, जागतिक अभ्यास म्हणजे काय, हे मलाही समजायला दोन वर्षं लागली. सगळं जग एका पदवीत शिकवतात तो विषय. माणसं देश सोडून का जातात, माल कुठून कुठे फिरतो, नदी दोन देशांतून वाहिली तर पाणी कुणाचं, असलं सगळं त्यात येतं. हे शिकायला चार वर्षं आणि एकशे वीस श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, लागतात, असं विद्यापीठाने ठरवून टाकलं होतं. पण नुसते एकशे वीस जमवून भागत नसे. ते कुठून जमवले, हेही बघितलं जाई. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाचा एक लांब कागद असे. त्याच्यावर बारा चौकटी. पायाच्या विषयांच्या वेगळ्या, आकडेवारीची वेगळी. जगातला एक भूभाग निवडून तो नीट शिकायचा, त्याची एक. एखादा प्रश्न धरून त्याच्या मुळाशी जायचं, त्याची एक. पाचवी चौकट परभाषेची, चार सत्रं. नववी परदेशात राहून केलेल्या सत्राची. बारावी सगळ्यांत शेवटची, पदवीची. अकराही चौकटींत मी बसलो, की बारावीत बसायचो. आणि कागदाच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: एकच अभ्यास दोन चौकटींत धरला जाणार नाही.

ती ओळ लक्षात ठेवा.

मला धरणारा हात कारकूनबाईंचा होता. त्यांना सगळी इमारत कारकूनबाईच म्हणे, प्राध्यापकसुद्धा. उजव्या हाताच्या बोटाला रबरी टोपी, नाकावर चष्मा आणि दुसरा चष्मा केसांत. विभागप्रमुख बदलत, खुर्च्या बदलत, बाई तिथेच. नव्या प्राध्यापकाला पदवीची अट समजली नाही, की तो नियमांचं पुस्तक उघडत नसे, बाईंच्या खिडकीशी येई. "बाई, भूभाग आणि भाषा जुळायलाच हवेत का हो?" बाई मान वर न करता सांगत, "जुळले तर बरं. न जुळले तर तुमची सही लागते. आणि तुमची सही मिळायला तुम्ही जाग्यावर लागता."

बाईंची काम करण्याची एक रीत होती. तिला त्या 'रांग लावणं' म्हणत. कार्यालयात एक लांब टेबल होतं. त्यावर त्या चाळीस कागद एका ओळीत मांडत, आणि मला हातात घेऊन टेबलाच्या कडेने आडव्या चालत जात. पहिल्या फेरीत सगळ्यांची पहिली चौकट. परत फिरताना सगळ्यांची दुसरी. कागद पूर्ण वाचायचा नाही, एका वेळी एकच चौकट बघायची. पुरावा टाचलेला आहे? ठप्. पुढे. ठप्. पुढे. चाळीस विद्यार्थी पावणेदोन तासांत. दुसऱ्या विभागांत याच कामाला आठवडा जाई. तिथले कारकून ही रीत बघायला आले होते. एकाने घड्याळ लावून बघितलं. विद्यापीठाने बाईंना प्रशस्तिपत्र दिलं, ते चौकटीत घालून खिडकीच्या वर लावलं होतं. खरं सांगतो, ते प्रशस्तिपत्र मी माझंही समजत होतो. 'नामंजूर' खोबणीत पडून माझ्यावर जळे. त्याला महिन्यातून एकदा शाई लागे, मला रोज.

मग त्या मुलीचा कागद आला.

ती शिंप्याची मुलगी. विभागात तिला सगळे 'टाचणी' म्हणत, कारण तिच्या ओढणीला नेहमी एखादी टाचणी राहिलेली असे आणि बोलण्यालाही टोक असे. तिसऱ्या वर्षी ती सत्रभर परदेशात राहून आली. तिच्याबरोबर आणखी दहा जण. परत आल्यावर अकराही जणांनी तिथल्या विद्यापीठाचं पत्र आपापल्या कागदाला टाचलं. टाचणीच्या पत्रात लिहिलं होतं: 'भाषा आणि समाज, सोळा आठवडे, उत्तीर्ण.' बाईंनी रांग लावली. पाचव्या चौकटीच्या फेरीत त्या तिच्या कागदापाशी आल्या. भाषेची तीन सत्रं झालेली होती, चौथ्याचा पुरावा बघायचा होता. पत्रात 'भाषा' शब्द दिसला. ठप्. मग चहा आला. चहानंतर नवव्या चौकटीची फेरी सुरू झाली. परदेशातलं सत्र. तेच पत्र, तीच टाचणी. ठप्.

एकच पत्र माझ्याखालून दोनदा गेलं. मला कळलं होतं, मित्रांनो. पण शिक्क्याला जे बोलता येतं ते त्याच्या अंगावर कोरलेलं असतं, त्याच्यापलीकडे एक अक्षर नाही. संध्याकाळी विभागप्रमुख सर आले आणि उभ्या उभ्या अकरा कागदांवर सह्या केल्या. त्यांना विमान गाठायचं होतं. सर जगाचा अभ्यास जगात जाऊन करत, त्यामुळे विभागात फारसे दिसत नसत.

दुसऱ्या दिवशी टाचणी आपल्या कागदाची प्रत घ्यायला खिडकीशी आली. तिने कागद वाचला. तिचं बोट पाचव्या चौकटीवर थांबलं. मग नवव्या. मग खाली सरकत गेलं आणि तळाच्या त्या बारीक ओळीवर येऊन थांबलं. तिने बाईंकडे बघितलं.

"काही राहिलंय का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई," ती म्हणाली. "सगळं पूर्ण आहे."

आणि ती गेली. वर्ष तसंच गेलं, भाषेच्या साडेसातच्या वर्गाशिवाय.

आता शेवटच्या दिवसाकडे येतो. पदवीची यादी त्या दिवशी पाच वाजता बंद होणार होती. पाचच्या ठोक्याला मुख्य इमारतीचा शिपाई येई, यादी घेई आणि जाई. नंतर आलेलं नाव थेट पुढच्या वर्षी. बाकी सगळ्यांचे कागद आदल्या दिवशीच झाले होते. टाचणीचा एकटीचा राहिला होता, कारण तिचे प्रबंधाचे गुण तपासणाऱ्याच्या आजारपणामुळे उशिरा आले. सोमवारी ती कामावर रुजू होणार होती. स्थलांतरितांना मदत करणाऱ्या एका कचेरीत दुभाषी म्हणून. पदवी असेल तर, असं नेमणूकपत्रात लिहिलं होतं.

बाहेरच्या बाकावर तिचे वडील बसले होते. दुकान बंद ठेवून आले होते. हातात हँगर, हँगरला लेकीसाठी स्वतः शिवलेला गडद निळा कोट. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मुलगी सगळं जग शिकली. मला अजून समोरच्या गल्लीचं माप कळत नाही."

एक वाजून दहा मिनिटांनी बाईंनी तो कागद लांब टेबलावर ठेवला. शेजारी मांडायला दुसरा कागद नव्हता. रांग लागत नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यासमोर एकटा एक कागद होता, आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी तो वरून खाली वाचला.

नवव्या चौकटीपाशी त्या थांबल्या. मागे पाचवीकडे गेल्या. पत्र उलटून बघितलं, जणू मागच्या बाजूला आणखी एक सत्र लपलं असेल. केसांतला चष्मा काढून तो लावला. त्यानेही तेच दिसलं.

"आत ये," त्या टाचणीला म्हणाल्या. "दार लोटून घे."

ती आली.

"हे पत्र कुठल्या चौकटीचं?"

"नवव्या."

"आणि पाचवीत कुठलं?"

मुलगी ओढणीतली टाचणी चाचपू लागली.

"भाषेचं चौथं सत्र केलंस तू?"

"शिक्का आहे ना बाई तिथे."

"शिक्का मला दिसतोय. मीच मारलाय. मी सत्राचं विचारतेय."

"नाही केलं."

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. खिडकीत."

"मग वर्षभर तोंडात काय धरून बसली होतीस?"

"मला वाटलं तुम्ही काहीतरी बघूनच मारला असेल. तुमच्याकडून चूक होत नाही असं सगळेच म्हणतात."

बाईंनी चष्मा काढून परत केसांत खोवला. "हे खोटं आहे," त्या म्हणाल्या. "पण बोललीस छान. दुभाषी शोभतेस."

टाचणीचे कान लाल झाले. मग ती हळू आवाजात, भराभर बोलायला लागली. "बाई, कुणाचं काय जाणार आहे? एकशे वीसच्या वर तीन श्रेयांक आहेत माझे. प्रबंधाला पहिला वर्ग आहे. आता फक्त बारावी चौकट राहिलीय. तुम्ही चार महिन्यांनी निवृत्त होणार. तुमचा निरोप समारंभ ठरलाय, हारसुद्धा सांगून ठेवलाय म्हणे. मी गप्प बसले तशी यापुढेही बसेन. हा कागद फायलीत गेला की गेला."

मित्रांनो, तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तेच तर भयंकर होतं. बाईंनी मला उचललं. शाईच्या गादीवर दाबलं. बाराव्या चौकटीवर आणून धरलं. कागद आणि मी, मध्ये दोन बोटांचं अंतर. रांगेत बाईंनी मला कधी असं अधांतरी धरलं नव्हतं. त्या दिवशी मी तिथेच अडकलो. पापणी लवायच्या आत खाली गेलो असतो, तर सगळे सुटले असते. मुलगी सुटली असती, बाई सुटल्या असत्या, सर तर सुटलेलेच होते. खोबणीतून 'नामंजूर' माझ्याकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा तोरा उतरलेला दिसला.

खिडकीच्या काचेवर टकटक झाली. शिंपी होता.

"बाई, झालं असेल तर पोरीला कोट घालून बघू म्हणतो. खांद्यात जरा शंका आहे. घरी गेल्यावर उसवण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं."

बाईंनी मला आडवं ठेवलं. माझी ओली शाई त्यांच्या तळहाताला लागली होती. "अजून व्हायचंय," त्या म्हणाल्या. "बसा."

मग त्या मुलीकडे वळल्या. "ऐक. आज मी मारला शिक्का. उद्या तुझ्या कचेरीने किंवा आणखी कुणी हा कागद मागवला आणि माझ्यासारखा वरून खाली वाचला, तर पदवी कुणाची जाईल? तुझी. मी तेव्हा घरी झाडांना पाणी घालत असेन. चूक माझी आणि टांगती तलवार तुझ्या डोक्यावर, असला वाटा मला नको."

"मग वर्ष घालवू माझं?"

"गप्प. विचार करू दे."

बाई नियमांचं पुस्तक कधी उघडत नसत, त्यांना ते पाठ होतं. त्या दिवशी उघडलं. परभाषेचं राहिलेलं सत्र परीक्षा देऊन भरून काढता येत होतं. त्या भाषेचा अध्यापक परीक्षक हवा. विभागप्रमुखांची लेखी परवानगी हवी. आणि यादी बंद व्हायच्या आत निकाल हवा. घड्याळात दीड वाजला होता.

"देशील?" बाईंनी विचारलं.

"चौथ्या सत्रात काय असतं माहितेय का तुम्हाला?" टाचणीचा आवाज पहिल्यांदा फाटला. "कचेरीची भाषा. अर्ज, नमुने, पत्रव्यवहार. मला बोलता येतं बाई, भांडतासुद्धा येतं. अर्ज नाही लिहिता येत."

"आणि सोमवारपासून काम कसलं आहे तुझं?"

टाचणी खाली बघत म्हणाली, "लोकांचे अर्ज भरून द्यायचे."

बाईंनी फोन पुढे ओढला.

ती भाषा शिकवणाऱ्या भाषेच्या बाई दीड वाजता वर्गातून सुटत आणि चारच्या बसने त्यांच्या गावी जात. त्यानंतरची बस साडेसातला. त्यांनी आधी नकार दिला, मग "पेपर कोण काढणार?" असं विचारलं, मग स्वतःच म्हणाल्या, "जुना आहे माझ्याकडे, येते." मित्रांनो, चांगली माणसं होकाराआधी थोडी कुरकुर करतात. हे मी नीट बघितलेलं आहे.

सरांचा फोन लागायला चार वेळा प्रयत्न करावा लागला. ते कुठल्याशा विमानतळावर होते. बाईंनी सगळं सांगितलं. पत्र एक, चौकटी दोन, रांग लावताना झालं.

"परवानगी पाठवतो," सर म्हणाले. "पण कारण काय लिहिणार?"

"चूक झाली, हेच."

"चूक लिहू नका हो. चौकशी लागते. तांत्रिक अडचण लिहा."

"सर, तांत्रिक म्हणजे कुणाची?"

पलीकडे विमानांची घोषणा ऐकू येत राहिली. मग सर म्हणाले, "ठीक आहे. लिहायचंच असेल, तर चूक कार्यालयाची आहे, विभागप्रमुखांची नाही, असं स्पष्ट लिहा. त्याशिवाय मला परवानगी देता येणार नाही."

पाचव्या चौकटीत माझ्या शेजारी सरांचीच सही होती. नवव्या चौकटीतही होती. पण ते बाई बोलल्या नाहीत. "लिहिते," म्हणाल्या. थोड्याच वेळात सरांची लेखी परवानगी आली.

त्यांनी आवक-जावक नोंदवही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सदर पत्र दोन चौकटींत धरले गेले, ही चूक माझी. विद्यार्थिनीचा दोष नाही. विभागप्रमुखांचा संबंध नाही.' खाली सही, तारीख, वेळ. शाई वाळेपर्यंत त्यावर हात धरून बसल्या. टाचणीने ते उलट्या बाजूने वाचलं. "दोष नाही" या शब्दांवर तिचे डोळे थांबले, वर्षापूर्वी बोट थांबलं होतं तसे. या वेळी तिने तोंड उघडलं.

"बाई, हे खरं नाही. मला माहीत होतं."

"माहीत होतं ते तुझ्याजवळ ठेव. शिक्का मारणं तुझं काम नव्हतं. जा, अर्जाचे नमुने वाच. पाऊण तास आहे."

अडीच वाजता त्याच लांब टेबलावर परीक्षा सुरू झाली. जिथे चाळीस कागद मांडले जात, तिथे एक मुलगी बसली होती. मला ती भाषा येत नाही, त्यामुळे मी फक्त पेन बघत होतो. पेन चालत होतं, थांबत होतं. एकदा इतका वेळ थांबलं, की भाषेच्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ उगाच फिरवलं. टाचणीने एक ओळ खोडली. पुन्हा तीच ओळ लिहिली. पुन्हा खोडली. तिच्या ओढणीतली टाचणी निघून टेबलावर पडली, त्याचाही आवाज आला.

कारकूनबाई खोलीत थांबू शकल्या नाहीत. बाहेर गेल्या. काचेमागून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"आता कसली परीक्षा?" शिंप्याने विचारलं.

"एक चौकट राहिली होती."

"पोरीने काही केलं का?"

"चूक माझी आहे."

शिंप्याने त्यांना माप घ्यायच्या नजरेने बघितलं. माणूस वाचायची त्याची तऱ्हा वेगळी. "डावा खांदा उतरलाय तुमचा," तो म्हणाला. "सकाळी मी आलो तेव्हा सरळ होता."

बाई नुसत्या मानेने हो म्हणाल्या.

लेखी संपली, तोंडी सुरू झाली. भाषेच्या बाई एकदम वेगळ्याच झाल्या. खांदे पाडले, आवाज रडवेला केला, हातवारे करून काहीतरी सांगू लागल्या. मला वाटलं, यांना बरं नाही. मग कळलं, की त्या कागद हरवलेली एक परकी बाई झाल्या आहेत आणि टाचणीने त्यांचा अर्ज भरून द्यायचा आहे. टाचणी आधी अडखळली. मग तिने खुर्ची पुढे ओढली, एक एक रकाना बोटाने दाखवत विचारू लागली आणि प्रत्येक उत्तर लिहिल्यावर परत वाचून दाखवू लागली. शेवटी अर्ज वरून खाली एकदा वाचला. मगच सहीसाठी पुढे केला.

चार वाजून गेले. खिडकीतून बस निघाल्याचा आवाज आला. भाषेच्या बाई मान वर न करता पेपर तपासत होत्या. उत्तीर्ण व्हायला चाळीस गुण लागत. एकदा बेरीज केली. पुन्हा केली. टाचणी उभी होती, कारकूनबाई उभ्या होत्या, मी आडवा होतो.

"त्रेचाळीस," भाषेच्या बाई म्हणाल्या. "पत्राची सुरुवात अगदी गचाळ आहे. सोमवारच्या आधी ती सुधार."

कारकूनबाईंनी पाचव्या चौकटीतला माझा जुना ठसा लाल रेघेने खोडला. शेजारी मी नव्याने बसलो. मग बारावीत. त्या वेळी मी मध्ये कुठे अडकलो नाही. पाचला आठ मिनिटं कमी असताना नाव यादीत चढलं. पाचला शिपाई आला आणि यादी घेऊन गेला. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो नेहमीसारखा जांभई देत होता.

काचेतून मी बघितलं. टाचणी बाकावर वडिलांच्या शेजारी जाऊन बसली. शिंप्याने कोट हँगरवरून काढला. ती त्याच्या हातावर हात ठेवून काहीतरी सांगू लागली, बराच वेळ. काय सांगत होती ते मला ऐकू आलं नाही, पण हवेतल्या कागदावर तिचं एक बोट पाचव्या चौकटीपाशी थांबलं, मग नवव्या, हे दिसलं. शिंप्याने ऐकून घेतलं. मग कोट परत हँगरला अडकवला. दोघं जिन्याने उतरून गेली. कोट त्याच्याच हातात होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. चौकशी लागली. बाईंना तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत पाठवलं आणि रांग लावून मारलेले सगळे कागद एक एक करून तपासायला सांगितलं. उरलेले चार महिने त्यांनी तेच केलं. आणखी एक चूक सापडली. तीही त्यांनी स्वतःच लिहून दिली. प्रशस्तिपत्र खिडकीवरून उतरलं, तिथे भिंतीवर फिकट चौकोन राहिला. निरोप समारंभ झाला नाही. शिक्क्यांच्या जागी संगणक आला. तो एकच पत्र दोन चौकटींत घेत नाही म्हणतात. आपण कशाला वाईट चिंतावं. रद्द झालेल्या शिक्क्यांवर ब्लेड फिरवायचं असतं, ते माझ्यावर आणि 'नामंजूर'वर फिरलं. शेवटच्या दिवशी बाईंनी टोपलीतून आम्हा दोघांना उचलून पिशवीत टाकलं. जिन्यात टाचणी उभी होती. अंगात निळा कोट होता. खांद्यात कुठेही शंका नव्हती. तिने बाईंच्या हातातली पिशवी घेतली, डाव्या खांद्यावरची.

आता मी बाईंच्या नातीच्या वह्यांवर वजन म्हणून बसतो. म्हणून तर तुम्ही मला भेटलात. 'नामंजूर' तिच्या खेळातल्या दुकानात आहे आणि दिवसभर सगळ्यांना नाकारतो.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची धूळ पुसा, हे मागणं सगळेच करतात. मी दुसरं मागतो. कुणाचाही कागद तुमच्यासमोर आला तर तो एकट्याचा धरा आणि वरून खाली वाचा. रांगेत माणसं दिसत नाहीत, फक्त चौकटी दिसतात. आणि कधी चुकून ठसा तुमच्या फायद्याचा उमटला, तर जिथे बोट थांबतं तिथेच बोला. तेव्हा बोलणं हलकं असतं. वर्षाने ते फार जड होतं, आणि उचलायला दुसरंच कुणीतरी लागतं.

त्या दिवसाची किंमत कुणी दिली, ते सांगून थांबतो. मुलीने एक दुपार दिली, आणि कोट घालायचा तो पहिला क्षण. शिंप्याने दुकानाचा एक दिवस. भाषेच्या बाईंनी चारची बस. सरांनी काही नाही.

बाकी सगळी बाईंनी.